टेलरचं पहिलं वर्ष आणि आतली चार टायरं

ट्रकमध्ये चढताना आधी डावा पाय टाकायचा की उजवा, इथपासून टेलरला शिकावं लागलं. वय एकोणचाळीस. सोळाव्या वर्षापासून पाय शिलाई मशीनवर, त्यामुळे पाय काटक होते, पण बसल्या जागी चालणारे. मान पुढे वाकलेली. नजर सुईच्या भोकाला सरावलेली. अशा माणसाला उचलून दहा चाकांच्या गाडीत बसवलं आणि म्हटलं, बघ आता लांब, तर तो काय डोंबल बघणार? पहिले पंधरा दिवस त्याला समोरच्या काचेवर चिकटलेले किडे तेवढे दिसत होते.

हौस म्हणून काही तो या धंद्यात आला नव्हता. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तयार कपड्यांची दोन मोठी दुकानं उघडली आणि वर्षभरात त्याच्याकडे लोक फक्त पँटची लांबी कमी करायला येऊ लागले. "पूर्वी अख्खा माणूस मापायचो, आता नुसते घोटे मापतो," असं तो बायकोला हसत सांगायचा. बायको हसायची नाही. मग एके दिवशी तिचा थोरला भाऊ आला, दुकानातल्या स्टुलावर बसला, रिकाम्या खुंट्यांकडे बघत चहा प्यायला आणि म्हणाला, "आवर हे. माझ्या कंपनीत ये."

हा दादा बावीस वर्षं ट्रक चालवत होता. उंच, आवाजाने दांडगा. चार माणसांत बसला तरी पाचव्याला जागा उरायची नाही असा. यार्डात त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याने शब्द टाकला की नवा माणूस लागायचा. टेलरने दोन्ही मशीन विकली. त्यातून लायसन्स झालं, शिकवणीची फी भरली गेली. राहायला दादाने आपल्या घरामागची खोली दिली. भाड्याचं विचारलं तर अंगावर आला. "बहिणीकडून भाडं घेऊ? लाज वाटते का विचारायला?"

टेलरची आधीच वाकलेली मान आणखी खाली गेली.

पहिले तीन महिने तो दादाच्या शेजारच्या सीटवर होता. दादा शिकवायचा ते मात्र जीव लावून. आरशात शेपूट कसं बघायचं, उतारावर ब्रेक न जाळता गाडी कशी उतरवायची, माल उतरवणाऱ्या हमालांना कधी चहा पाजायचा आणि कधी आवाज चढवायचा. गिअर कचकन पडला की टपली बसायची.

"जावईबापू, कापड नाही फाडायचं, गिअर टाकायचाय."

"दादा, कापड मी कधी फाडत नव्हतो. कापत होतो."

"मग हाही कापल्यासारखा टाक. आवाज न करता."

आणि खरंच, एके दिवशी गिअर कापडात कात्री सरकावी तसा सरकला. दादाने खिडकीतून तोंड बाहेर काढून मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "टेलर पास झाला रे!" त्या दिवशी टेलरला वाटलं, आपल्याला सख्खा भाऊ नाही, पण असता तर असाच असता.

आता कमाईचं. नव्या ड्रायव्हरला लोक विचारतात, महिन्याला किती मिळतात? टेलरलाही सगळ्यांनी विचारलं. पण या कंपनीत महिन्याचा पगार असा नव्हताच. शिकाऊ असताना नुसता खायचा भत्ता. पुढे स्वतःची गाडी मिळाली की किलोमीटरवर पैसे, तेही भरल्या गाडीचे पूर्ण आणि रिकाम्या परतीचे निम्मे. चाक थांबलं की कमाई थांबली. एकदा सिमेंटच्या गोदामाबाहेर तो अडीच दिवस रांगेत उभा होता. त्या अडीच दिवसांत त्याने उशीची खोळ हाताने शिवली, तिला झालर लावली, झालर उसवली आणि पुन्हा लावली. कमाई शून्य. ताडपत्री फाटली तर पैशांत कापणी, उशीर झाला तर कापणी. शिलाईत वाया जातं ते कापड तरी खाली पडलेलं दिसतं. इथे चिंध्या सुद्धा दिसत नव्हत्या.

वर दर शंभर रुपयांमागे पंधरा रुपये कंपनी ठेव म्हणून अडकवून ठेवायची. स्वतःची गाडी मिळाल्यापासून वर्ष सरलं, गाडीची तपासणी निर्धोक पार पडली, की ठेव परत आणि दुसऱ्या दिवसापासून किलोमीटरचा दर दीडपट. तपासणीत खोट निघाली तर ठेव जप्त, आणि पुन्हा पहिल्या वर्षाचाच दर. दादा म्हणायचा, "पहिल्या वर्षी कमवायचं नसतं. टिकायचं असतं."

टेलर टिकला. त्याला माहीत होतं कशासाठी टिकायचं. यार्डापासून तीन गल्ल्या सोडून दोन खोल्यांची एक जागा त्याने बघून ठेवली होती. बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी. ठेवीची रक्कम हातात पडली की तिथली अनामत भरायची, मुलीला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा द्यायचा आणि मेहुण्याच्या परसातून बाहेर पडायचं. दादा चांगला होता, पण दुसऱ्याच्या परसात राहणारा माणूस खोकतानाही बेताने खोकतो.

जागामालकाला त्याने सांगून ठेवलं होतं. पुढच्या एक तारखेपर्यंत थांबा.

आता ती टायरची गोष्ट सांगायला हवी.

या कंपनीत गाडी एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जाताना 'टायर वाचायची' पद्धत होती. प्रत्येक टायरच्या बाजूला कंपनीने तापल्या सळीने आकडा डागलेला असायचा. बाहेरची टायरं उभ्याने वाचता येतात. पण मागच्या दोन आसांवर जोडचाकं असतात, त्यातली आतली चार टायरं वाचायची तर बॅटरी घेऊन गाडीखाली पाठीवर सरकत जावं लागतं. गाडी घेणाऱ्याने खालून आकडे ओरडायचे, देणाऱ्याने कागदावर लिहायचे, मग दोघांच्या सह्या. काम किळसवाणं. ग्रीस, माती, कुठल्या कुठल्या रस्त्यांवरचा चिखल. पण सही झाली की त्या अकरा टायरांचा धनी तू. दहा चालती आणि एक जादा.

शिकाऊपण संपलं त्याच सुमारास दादाला नवी कोरी गाडी मिळाली आणि दादाची जुनी गाडी टेलरला. त्या दिवशी टेलरने स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला होता, शेवटच्या कापडातला, दुहेरी शिलाईचा. तो बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसलाच होता, तेवढ्यात दादाने पाचसहा ड्रायव्हरांसमोर कागद नाचवला. अकराच्या अकरा आकडे आधीच लिहिलेले.

"ऊठ रे. या शर्टावर लोळतोस?"

"नाही, पण वाचायला पाहिजेत ना, दादा?"

"ऐका!" दादा सगळ्यांना म्हणाला. "मी याला बहीण दिली तेव्हा याचं माप घेतलं होतं का? आणि हा माझ्या गाडीचं माप घेतोय."

सगळे खो खो हसले. टेलरही हसला, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. आणि त्याने सही केली. उस्तादाच्या गाडीखाली बॅटरी घेऊन शिरणं म्हणजे त्याचे खिसे तपासल्यासारखं. तिथल्या कुणीच ते केलं नसतं.

सातव्या महिन्यात, चढावर, मागचं आतलं एक टायर फुटलं. मोठा आवाज झाला, गाडी एका कुशीवर बसल्यासारखी झाली. टेलरने दादाला फोन लावला.

"यार्डाला कळवलंस?" दादाने आधी हेच विचारलं.

"नाही. आधी तुम्हाला."

"शाबास. कळवू नको. नवा ड्रायव्हर टायर फोडतो असा शिक्का बसला की पुसत नाही. जादाचं चढव आणि पुढच्या नाक्यावर माझा ओळखीचा टायरवाला आहे, त्याला माझं नाव सांग."

त्या टायरवाल्याने गाडी लांबूनच ओळखली. "उस्तादांची ना ही?" म्हणत त्याने कसलंसं रबर चढवलेलं जुनं टायर आतल्या बाजूला बसवलं आणि जादाचं पुन्हा जागेवर टांगलं. पैसे टेलरने खिशातून दिले, त्या फेरीची निम्मी कमाई. घरी आल्यावर दादा पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता तू ड्रायव्हर झालास." टेलरने ती थापही घेतली.

वर्ष संपलं. तपासणीचा दिवस आला. यार्डाचा कारभार एक बाई बघायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं, हातात कायम रजिस्टर. तपासायला टायरबाबा. साठी उलटलेला कारागीर, तळहात टायरसारखेच काळे. गाडीची बॅटरी, जॅक, ताडपत्री, साखळ्या, सगळं ठीक होतं. ताडपत्रीवरची टेलरची ठिगळं बघून टायरबाबा म्हणाला, "ही काय ताडपत्री शिवलीय की शालू?" टेलर खुशीत हसला. मग म्हातारा पाठीवर गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

बराच वेळ आकडा येईना.

"बाबा, वाचा ना," मॅडम म्हणाल्या.

"काय वाचू? आकडाच नाही."

"कुठल्याला?"

चपला पुढे सरकल्या, थांबल्या, आणखी पुढे सरकल्या. "चौघांनाही नाही. आतली चारही आपली नाहीत. जुनी, घासून गुळगुळीत गोटा झालेली टायरं आहेत, वरून रबर चढवलंय."

टेलर स्वतः खाली वाकला, मग सरळ मातीत आडवा झाला. टायरबाबाच्या बॅटरीच्या उजेडात चारही टायरं स्वच्छ दिसत होती. ज्या जागी आकडा असायचा तिथे गुळगुळीत काळं रबर. वर्षभर तो याच चाकांवर घाट चढला, उतरला. वरती बसून उशीला झालर लावत होता.

मॅडमच्या टेबलासमोर त्याने सगळं खरं सांगितलं. सही कशी केली, आकडे आधीच कसे लिहिलेले होते. सातव्या महिन्यात टायर कसं फुटलं, तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"टायर फुटलं आणि कळवलं नाही?" मॅडमनी चष्मा वर सारला. "मग बाकीची तीन तुम्ही नाही बदललीत कशावरून?"

"मॅडम, मी... दादांनीच सांगितलं कळवू नको म्हणून."

"कागदावर सही कुणाची?"



मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांनी रजिस्टर मिटलं. "उद्या वर्षाची नोंद बंद करायचीय मला. दहा वाजता तुमच्या मेहुण्यांना इथे घेऊन या. टायरं अशीच दिली होती, एवढं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं तर टायरांची किंमत त्यांच्याकडून हप्त्याने कापू आणि तुमचं वर्ष साफ. ते आले नाहीत तर माझ्याकडे तुमची सही आहे. बस."

टेलर घरी पोचला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. दादा परसातल्या नळावर हातपाय धूत होता. टेलरची बायको खोलीच्या दाराशी दोरीवर मुलीचा फ्रॉक वाळत घालत होती. त्याने पिशवीही खाली ठेवली नाही.

"दादा, आतली चार टायरं कुठे गेली?"

दादाने साबण लावायचा थांबवला नाही. "कसली टायरं?"

"टायरबाबांनी वाचली आज."

"तो म्हातारा आंधळा आहे."

"मी वाचली. खाली शिरून."

मग दादाने नळ बंद केला. टेलरला वाटलं, आता हा चिडेल, नाही म्हणेल, आई-बापाची शपथ घेईल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. दादा हसला.

"अरे, एवढंच ना? सगळेच करतात. माझ्या उस्तादाने मला गाडी दिली तेव्हा आठ टायरं गोटा होती. आठ! मी तुला चारच दिली, पाहुणा म्हणून. तू पुढच्या नवशिक्याला देशील, तो त्याच्या पुढच्याला. तपासायला आजवर दुसरा माणूस असायचा, तो खाली शिरायचाच नाही. यंदाच हा म्हातारा आणलाय, त्याला मी काय करू?"

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

दादा टॉवेलने हात पुसत जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुझ्या डोक्यावरचे पत्रे कुठून आले वाटतं? ही खोली उघडी होती. तुम्ही येणार म्हणून मी वर पत्रे टाकले. त्या टायरांच्या पैशांचेच आहेत ते. वर्षभर झोपलास ना त्याखाली?"

टेलरने बायकोकडे पाहिलं. ती फ्रॉकला चिमटा लावत होती. एकच चिमटा, पुन्हा पुन्हा.

"तुला ठाऊक होतं?"

"जुनी टायरं विकली म्हणाला होता दादा," ती म्हणाली. "तुमच्या गाडीची ते नाही ठाऊक."

"माझी गाडी तेव्हा नव्हतीच ती," टेलर म्हणाला. "तीन महिन्यांनी झाली." आणि मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "दादा, वर्ष गेलं हो माझं! चला उद्या. दहाला. दोन ओळी लिहून द्या. हप्त्याने कापणार आहेत, निम्मा हप्ता मी भरतो, पाहिजे तर सगळा मी भरतो. पण तेवढ्या दोन ओळी द्या."

दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. खांदे पाडले. "बरं. येतो."

"नक्की?"

"अरे येतो म्हटलं ना! ठके, सांग तुझ्या नवऱ्याला, दादा शब्द फिरवतो का कधी?"

"नाही फिरवत," बायको म्हणाली.

सकाळी टेलर पावणेनऊलाच यार्डात गेला. निघताना दादाच्या घराचं दार लोटलेलं होतं, आत भांड्यांचा आवाज येत होता. त्याने हाक मारली नाही. उठसूट हाका मारल्या तर माणूस बिथरतो, आपणहून येऊ दे, असा विचार केला. ऑफिसबाहेरच्या बाकावर तो गुडघे जुळवून बसला. साडेनऊ. दहा. मॅडमनी दारातून डोकावून भुवया वर केल्या. त्याने हाताने खूण केली, येतायत. सव्वादहाला पुन्हा तीच खूण, फक्त हात आधीएवढा वर गेला नाही.

टायरबाबा हवेची नळी गुंडाळत समोरून गेला, पुढे जाऊन परत आला.

"कुणाची वाट बघतोयस?"

"दादांची."

म्हातारा नळीकडे बघत म्हणाला, "तो सातला गेला की रे. सहा दिवसांच्या फेरीवर. दुसऱ्या कुणाची तरी होती ती, काल संध्याकाळी फोन करून स्वतः मागून घेतली. मीच हवा भरून दिली त्याला."

"नाही, सातला कसा? घरात आवाज होता. मी निघालो तेव्हा…"

बोलता बोलता तो थांबला. दादाची बायको तर चार दिवसांपूर्वीच मुलांना घेऊन माहेरी गेली होती. दादा सातलाच गेला असेल तर त्या घरात भांडी कोण घासत होतं?

त्याने घरी फोन लावला. लगेच उचलला गेला, फोन हातातच असल्यासारखा.

"दादा गेला?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी झोपलेलो असताना गेला ना? मी उठायच्या आधी?"

"अहो…"

"डबा कुणी दिला त्याला?"

"मी." मग घाईघाईने, एका दमात, "अहो, त्याने लिहून दिलं असतं तर नवी गाडी काढून घेतली असती त्याची. मागचंही सगळं उकरलं असतं. तुमचं एक वर्ष गेलं, त्याची बावीस गेली असती. तीन पोरं आहेत त्याला. आपण राहतोय ना इथे, कुणी काढतंय का आपल्याला? आणखी एक वर्ष. एकच."

"काल रात्रीच ठरलं तुमचं?"

"तुम्ही जेवून आडवे झालात तेव्हा आला होता. रडला हो दादा. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं."

टेलरला आठवलं, काल झोप लागायच्या आधी त्याने तिला विचारलं होतं, येईल ना गं तो? आणि ती म्हणाली होती, झोपा आता, सकाळी लवकर जायचंय तुम्हाला. त्यावर तो निर्धास्त झोपला होता. वर्षभरात लागली नव्हती अशी गाढ झोप.

"किती दिवसांचा डबा दिलास?" त्याने विचारलं.

"पोळी-भाजीच दिली," ती म्हणाली.

"आजचाच दिलास की सहा दिवस पुरेल असं सुकं काही करून दिलंस?"

"…सुकंही दिलं."

त्याने फोन खिशात ठेवला आणि आत गेला. मॅडमनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं, बोटाने जागा दाखवली. ठेव जप्त. दर, पहिल्या वर्षाचा. तारीख आजची. त्याने सही केली. मॅडम म्हणाल्या, "कुठलीही सही करताना…" आणि त्याचा चेहरा बघून पुढचं बोलल्या नाहीत. दुसरा कागद पुढे केला. "फेरी आहे एक. चार दिवसांची. घरी जाऊन कपडे घेऊन या, दोनपर्यंत निघालात तरी चालेल."

"आत्ताच निघतो," टेलर म्हणाला.

"कपडे?"

"अंगावर आहेत."

गाडीकडे जाताना जागामालकाला फोन करून त्याने सांगितलं, जागा देऊन टाका दुसऱ्या कुणाला. मालक भला माणूस, म्हणाला, अजून महिनाभर थांबू का? टेलर म्हणाला, नको.

तो केबिनमध्ये चढून बसतोय तोच खिशात फोन वाजला. घरचा. त्याने उचलला, कानाला लावला नाही, पुढच्या फळीवर उताणा ठेवला. बारीक आवाज येत राहिला. "अहो, जेवायला येताय ना? ऐकताय ना? अहो, काहीतरी बोला." त्याने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, फळी थरथरू लागली. त्या आवाजावरूनच तिला कळलं असावं. ती बोलायची थांबली, पण तिनेही फोन ठेवला नाही. टेलरने उजव्या आरशात बघितलं, डाव्या आरशात बघितलं, आणि गिअर टाकला.